गावाला सांगू नका, डॉक्टरांना मात्र सांगा

“आदरणीय ताई,

माझे वय ४९. यजमान जाऊन सात वर्षे झाली. मुलगी मार्गी लागली असून ती दूर राहते आणि मी गावात एकटी राहते. गेली दोन वर्षे गावातल्याच एका ५३ वर्षांच्या गृहस्थांशी माझे संबंध आहेत. त्यांचा घटस्फोट फार पूर्वी झाला आहे. आम्हांला लग्न करायचे नाही आणि एका घरात राहायचेही नाही. दोघांची घरे आपापली आहेत, ती तशीच राहावीत असे दोघांनाही वाटते. गेल्या चार महिन्यांत मला पाळी आलेली नाही. संबंधाच्या वेळी इतकी जळजळ होते की मी दात आवळून पडून राहते. त्यांना हे अजून सांगितलेले नाही. ते म्हणतात, या वयात कंडोम कशाला? मध्यंतरी त्यांनी आपणहून सांगितले की कामासाठी बाहेर राहत असताना त्यांचे काही जणांशी संबंध आले होते आणि त्यांत एक पुरुषही होता. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. अलीकडे ते एका मित्राने दिलेली ‘ताकदीची’ गोळीही घेतात. त्यांना रक्तदाब आहे. गावच्या आरोग्य केंद्रातली परिचारिका माझी चुलत नणंद लागते, औषधाचे दुकान शेजाऱ्यांचे आहे. तिथे पाऊल टाकले तरी संध्याकाळपर्यंत गावभर होईल. मला दिवस तर गेले नसतील ना? एखादा रोग झाला असेल का? आणि या वयात मी हे जे करते आहे, ते वाईट आहे का?

– एक वाचक”

सप्रेम नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो मनात सलत राहील तोवर बाकीच्या उत्तरांकडे तुमचे नीट लक्ष लागणार नाही. तुम्ही दोघेही सज्ञान आहात, दोघेही कोणाला बांधलेले नाही, कोणाची फसवणूक करत नाही आणि एकमेकांचा सहवास तुम्ही स्वतःच्या इच्छेने निवडला आहे. लग्न न करता, आपापल्या घरी राहून एकमेकांची सोबत करण्याचा निर्णय गावाला अनोळखी वाटेल, पण अनोळखी म्हणजे वाईट असे मी मानत नाही. जागतिक आरोग्य संघटना लैंगिक आरोग्याची व्याख्या करताना केवळ रोग नसण्यावर थांबत नाही; शारीरिक, भावनिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य अशा चारही अंगांनी ती त्याकडे पाहते आणि सुखद, सुरक्षित, बळजबरीमुक्त अनुभवाची शक्यता त्यात गृहीत धरते. त्या व्याख्येत वयाची कोणतीही मर्यादा नाही. तुमच्या पत्रात मला खटकलेली गोष्ट एकच, आणि ती म्हणजे तुमचे दात आवळून पडून राहणे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिते.

आता पाळीविषयी. तुमच्या वयात चार महिने पाळी न येणे ही रजोनिवृत्तीकडे चाललेल्या शरीराची अगदी नेहमीची खूण आहे. बहुतेक स्त्रियांची पाळी ४५ ते ५५ या वयात कायमची थांबते, पण ती एका दिवसात थांबत नाही. त्याआधीची काही वर्षे ती कधी लवकर येते, कधी दोन-चार महिने चुकते, कधी फार जाते, कधी नुसतीच डागापुरती दिसते. सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. तुमचे अजून चारच महिने झाले आहेत. याचा अर्थ असा की अधूनमधून बीजांड तयार होण्याची शक्यता शिल्लक आहे आणि म्हणूनच गर्भधारणेची शक्यताही, फार कमी असली तरी, शून्य झालेली नाही. ‘पाळी गेली, आता काळजी नाही’ असे समजून गाफील राहिलेल्या आणि नंतर हादरून गेलेल्या स्त्रिया असतात; त्यांच्या यादीत तुमची भर पडू नये.

तेव्हा पहिले काम लघवीच्या चाचणीचे. शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवस उलटून गेले असतील तर ही घरगुती चाचणी विश्वासार्ह उत्तर देते. चाचणीची पट्टी गावातल्या दुकानातून घेण्याची गरज नाही. बाहेरगावच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळते आणि तुम्ही ती कोणासाठी घेता आहात हे कोणी विचारत नाही. ती आणखी महिनाभर पुढे ढकलू नका. दिवस गेले नसतील, आणि बहुधा नसतीलच, तर एका भीतीतून तुमची सुटका होईल. गेले असतील तर तेही लवकर कळण्यातच तुमचे हित आहे, कारण त्यानंतरचा प्रत्येक निर्णय सुरुवातीच्या आठवड्यांत घेणे सोपे आणि सुरक्षित असते.

गर्भनिरोधाची गरज तुम्हांला नक्की किती काळ आहे, याचा डॉक्टरांचा एक सरळ हिशेब आहे. शेवटची पाळी वयाच्या पन्नाशीनंतर आली असेल तर तिच्यापासून एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत आली असेल तर दोन वर्षे काळजी घ्यायची. तुम्ही ४९ वर्षांच्या आहात. म्हणजे चार महिन्यांपूर्वीची पाळी हीच तुमची शेवटची ठरली तरी तिच्यापासून दोन वर्षे सावध राहायला हवे. चाळिशीनंतर बसवलेली तांबी पाळी कायमची थांबेपर्यंत ठेवता येते, असा पर्याय तज्ज्ञ देतात, आणि ज्या स्त्रीला वारंवार दवाखान्याची वाट धरणे अवघड आहे तिला तो सोयीचा पडतो. मात्र तांबीने संसर्ग अडत नाही. एखादे वेळी काळजी घ्यायची राहून गेली तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि ती जितकी लवकर घ्यावी तितकी जास्त उपयोगी पडते. हे मी केवळ माहितीसाठी लिहिते आहे. तिला नेहमीचा उपाय करू नका.

आता जळजळीकडे येते. तुम्ही दुखण्याचे कारण विचारलेले नाही, नुसता उल्लेख करून पुढे गेलात. कदाचित वयाबरोबर हे असेच चालायचे, असे तुम्ही धरून चाललात. तसे नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊ लागले की योनिमार्गाचे अस्तर पातळ होते, त्याचा ओलावा आणि लवचीकपणा कमी होतो, तिथली नैसर्गिक आम्लता उतरते आणि रक्तपुरवठाही घटतो. म्हणून संबंधाच्या वेळी घासल्यासारखे, भाजल्यासारखे वाटते, नंतर एक-दोन दिवस लघवीला आग होते, कधी वारंवार लघवीला जावेसे वाटते. पूर्वी या तक्रारींना वैद्यकात निरनिराळी नावे होती. २०१४ मध्ये योनीच्या आणि मूत्रमार्गाच्या या सगळ्या तक्रारी तज्ज्ञांनी रजोनिवृत्तीशी निगडित असलेल्या एकाच विकाराच्या नावाखाली आणल्या. हा विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. रात्री अंगातून निघणाऱ्या वाफा पुष्कळदा काळ जाईल तशा कमी होतात. हा कोरडेपणा मात्र उपचार न केल्यास आपोआप बरा होत नाही, उलट वाढत जातो. त्यामुळे सोसून वेळ काढण्यात काही हशील नाही.

उपाय पायरीपायरीने आहेत. संबंधाच्या वेळी वापरायची, पाण्यात मिसळणारी किंवा सिलिकॉनची जेली दुकानात ल्युब्रिकंट या नावाने मिळते. ती भरपूर वापरावी, पुरवून पुरवून वापरू नये. याशिवाय योनिमार्गासाठीचा मॉइश्चरायझर वेगळा असतो. तो संबंध असो वा नसो, आठवड्यातून दोन-तीनदा वापरायचा असतो. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर योनिमार्गात ठेवायची इस्ट्रोजेनची गोळी किंवा क्रीम देतात. सर्वसाधारणपणे पहिले दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा असा तिचा क्रम असतो आणि पूर्ण गुण यायला काही आठवडे, क्वचित तीन महिनेही लागतात. या औषधाचा अगदी थोडा अंश रक्तात जातो, त्यामुळे पोटात घेण्याच्या हार्मोनच्या गोळ्यांविषयी जी भीती ऐकायला मिळते ती इथे जशीच्या तशी लागू होत नाही. तरीही पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा अंगावर अनाकलनीय रक्त जात असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. घरातले कोणतेही तेल, तूप किंवा व्हॅसलीन मात्र कंडोमबरोबर वापरू नये. तेलाने लॅटेक्सचा कंडोम काही मिनिटांतच कमकुवत होतो आणि फाटतो. योनीत घालण्याच्या काही क्रीमही तेलाच्या आधारावर बनवलेल्या असतात, म्हणून औषध देताना कंडोम वापरत असल्याचे डॉक्टरांना सांगावे. साबणाने किंवा जंतुनाशक पाण्याने आतून धुण्याची सवय असेल तर ती आजच थांबवा, कारण त्याने कोरडेपणा आणि संसर्ग दोन्ही वाढतात.

या सगळ्याइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी की दुखत असताना संबंध चालू ठेवायचा नाही. वेदनेची धास्ती बसली की ओटीपोटाचे स्नायू आपोआप आवळले जातात, आवळले की आणखी दुखते, आणि हळूहळू त्यांचा हात पाठीवर पडला तरी शरीर घाबरू लागते. जवळीक म्हणजे केवळ समागम असे कोणी ठरवून दिलेले नाही. स्पर्शाच्या, निजण्याच्या, एकमेकांना सुख देण्याच्या इतर कितीतरी रीती आहेत आणि उपचार चालू असेतो त्यांवरच राहायला काही हरकत नाही. त्यांना तुमच्या वेदनेची कल्पनाही नाही, हे पत्रावरून स्पष्ट दिसते. ज्या माणसाने आपला अवघड भूतकाळ न विचारता तुमच्यापुढे ठेवला, त्याला तुमचे दुखणे ऐकून घेण्याइतका धीर असेल, असे मला वाटते.

त्या भूतकाळाविषयी दोन शब्द. त्यांच्या आयुष्यात एक पुरुष येऊन गेला हे ऐकून तुम्हांला धक्का बसला, आणि ते मी समजू शकते. पण धक्क्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या सोडवून पाहा. पुरुषाबद्दल ओढ वाटणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्येच रोगांच्या वर्गीकरणातून काढून टाकली. या ओढीने त्यांचे तुमच्यावरचे प्रेम खोटे ठरत नाही. दुसरी गोष्ट संसर्गाची आहे आणि ती सर्वस्वी वेगळी आहे. संसर्गाचा धोका समोरची व्यक्ती स्त्री होती की पुरुष एवढ्यावर ठरत नाही. संबंध कोणत्या प्रकारचे होते, कंडोम होता का, समोरच्याला संसर्ग होता का आणि त्यानंतर तपासणी झाली का, यांवर ठरतो. ते ज्या इतर ‘काही जणां’विषयी बोलले त्यांत स्त्रियाही असणार, आणि तुमची झोप फक्त एका पुरुषापाशीच उडाली असेल तर तुमची काळजी चुकीच्या ठिकाणी अडकली आहे. तपासणी सगळ्या काळाची करायची आहे, आणि ती दोघांनीही करायची आहे. तुम्हीही करा असे मी मुद्दाम म्हणते, कारण एकाच्या अंगावर बोट रोखून केलेली मागणी आणि ‘आपण दोघे एकदा तपासून घेऊ’ हे म्हणणे यांत नात्याच्या दृष्टीने फार फरक पडतो.

काय तपासायचे ते सांगते. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी यांसाठी रक्त. क्लॅमिडिया आणि गोनोरिया यांसाठी पुरुषाची लघवी आणि स्त्रीच्या योनिमार्गातील स्रावाचा नमुना. तोंडावाटे किंवा गुदमार्गे संबंध आले असतील तर घशाचा आणि गुदमार्गाचा नमुना वेगळा घ्यावा लागतो. तिथला संसर्ग नुसत्या लघवीत सापडत नाही, म्हणून त्यांनी हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगणे गरजेचे आहे. संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. एचआयव्हीच्या प्रयोगशाळेतल्या आधुनिक तपासणीत, शिरेतले रक्त घेतलेले असेल तर, साधारण ४५ दिवसांनंतर नकारार्थी आलेला निकाल भरवशाचा मानतात. बोटातून थेंब घेऊन किंवा घरी स्वतः करायच्या चाचणीला ९० दिवस धरावे लागतात. त्यांचे ते संबंध जुने आहेत, तेव्हा ही अडचण तुम्हांला येऊ नये. क्लॅमिडियासारखे संसर्ग कोणतेही लक्षण न दाखवता महिनोन्‌महिने राहतात, म्हणून ‘मला तर काहीच होत नाही’ या त्यांच्या किंवा तुमच्या सांगण्याला तपासणीपुढे वजन नाही.

निकालात काही निघालेच तर काय, हा विचार तुम्हांला सर्वांत जास्त छळत असणार. सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो. क्लॅमिडिया आणि गोनोरिया प्रतिजैविकांनी बरे होतात. फक्त उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यायचे आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस संबंध टाळायचे, नाहीतर एकाचा संसर्ग दुसऱ्याकडे जाऊन पुन्हा परत येतो. हिपॅटायटिस बीवर लस आहे, सीवर आता बरे करणारी औषधे आहेत. आणि एचआयव्ही, ज्याच्या नुसत्या नावाने छाती दडपते, तोही आज नियमित गोळ्यांनी आटोक्यात राहणारा दीर्घकालीन आजार झाला आहे. औषधाने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ या युरोपातील अभ्यासात एकाला एचआयव्ही असलेल्या आणि दुसऱ्याला नसलेल्या ७८२ समलैंगिक पुरुष जोडप्यांचे कंडोमविना झालेले सुमारे ७६,००० संबंध नोंदले गेले आणि त्यांत जोडीदाराकडून संसर्ग झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. हे आकडे तुम्हांला गाफील करण्यासाठी देत नाही. निकालाच्या भीतीने तपासणीच टाळण्याचे कारण उरलेले नाही, एवढेच सांगायचे आहे.

‘या वयात कंडोम कशाला’ या वाक्याला उत्तर द्यायचे तर असे की, याच वयात त्याची गरज वाढते. अस्तर पातळ झाल्यामुळे त्यावर बारीक चिरा पडतात आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. दोघांच्याही तपासण्या होऊन निकाल हाती येईपर्यंत कंडोम हवाच, आणि गर्भनिरोधाचा दुसरा उपाय केलेला नसेल तर त्यानंतरही हवा. पण त्या वाक्यामागे काय आहे तेही पाहायला हवे. पन्नाशीच्या पुरुषाला पुष्कळदा अशी धास्ती असते की कंडोम चढवण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात ताठरता जाईल. लाजेपोटी तो हे बोलत नाही आणि वयाचे कारण पुढे करतो. मित्राने दिलेली गोळी मला त्याच दिशेने बोट दाखवते. स्त्रियांसाठीचा, आत बसवायचा कंडोम अशा वेळी उपयोगी पडतो, कारण तो आधीच बसवून ठेवता येतो आणि ताठरतेवर अवलंबून नसतो. दोन्ही कंडोम एकाच वेळी मात्र वापरू नयेत.

त्या गोळीबद्दल मला खरोखर काळजी वाटते. ताठरतेसाठी दिली जाणारी सिल्डेनाफिल आणि त्या जातीची औषधे १९९८ पासून वापरात आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली बहुतेकांना ती सुरक्षितपणे घेता येतात. पण छातीत दुखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या नायट्रेट जातीच्या औषधाबरोबर ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकते, आणि रक्तदाबाच्या काही औषधांबरोबरही जपून घ्यावी लागतात. मित्राच्या खिशातून आलेल्या, वेष्टन नसलेल्या गोळीत काय आणि किती आहे हे कोणालाच ठाऊक नसते. शिवाय ताठरता कमी होणे ही कित्येकदा रक्तवाहिन्यांची तक्रार असते. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून चरबी साठून त्या आधी अरुंद होतात आणि हृदयाची तक्रार सुरू होण्याच्या काही वर्षे आधी ही खूण दिसू शकते. मधुमेहातही असेच होते. तेव्हा त्यांनी साखर, चरबी, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे. ‘तुमच्या पौरुषासाठी जा’ असे न म्हणता ‘तुमच्या हृदयासाठी जा, मला तुम्ही हवे आहात’ असे म्हणालात तर ते ऐकतील, असा माझा अंदाज आहे. गोळी घेतल्यावर कधी छातीत दुखलेच तर दवाखान्यात पोहोचताच गोळीचे नाव आणि वेळ सांगायची, लाजायचे नाही. ही गोष्ट तुम्हीही लक्षात ठेवा.

तुमच्या नात्यात आणखी एक गोष्ट अजून बोलली गेलेली नाही, असे मला जाणवले. लग्न झालेल्या जोडप्याच्या बाबतीत एकनिष्ठतेची अपेक्षा न बोलताही गृहीत धरली जाते. ती पाळली जाते की नाही हा भाग वेगळा. तुमच्यासारख्या, स्वतः घडवलेल्या नात्यात काहीच गृहीत धरता येत नाही. सध्या आपण फक्त एकमेकांचेच आहोत का, उद्या कोणी दुसरे आयुष्यात आले तर ते एकमेकांना सांगायचे का, हे स्पष्ट शब्दांत बोलून ठरवावे लागते. काही जोडपी एकनिष्ठ राहायचे ठरवतात, काही मोकळे नाते ठेवून कंडोमचा आणि ठरावीक महिन्यांनी तपासणीचा नेम करतात. तुम्हांला यांपैकी काय मान्य आहे ते तुम्हीच ठरवा, पण ठरवा. आणि तपासणीला किंवा कंडोमला त्यांनी साफ नकार दिला तर त्या दिवसापासून संबंध थांबवण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. ‘या वयात मिळालेले माणूस जाईल’ या भीतीने तो अधिकार सोडू नका.

आता गावाकडे येते, कारण तुमची खरी कोंडी तिथे आहे. तुमच्या चुलत नणंदेवरही रुग्णाची गोष्ट बाहेर न बोलण्याचे बंधन आहे. तरीसुद्धा त्या भरवशावर तुम्ही आपली सगळी अब्रू पणाला लावा, असे मी सांगणार नाही. लहान गावात परिचारिका, दुकानदार, टपाल आणणारा आणि गाडीचा चालक सगळेच ओळखीचे असतात आणि तिथे गुप्तता ही केवळ कायद्याने मिळत नाही, ती स्वतः योजून मिळवावी लागते. म्हणून मोठ्या गावातल्या किंवा शहरातल्या अशा रुग्णालयात जा जिथे एका छपराखाली बरेच विभाग असतात. रांगेत बसलेली बाई गुडघ्यासाठी आली की आणखी कशासाठी, हे तिथे कोणाला कळत नाही. आधी फोन करून स्त्री डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. अहवाल मोबाइलवर येणार असतील तर तो मोबाइल आणखी कोणाच्या हातात असतो याचा विचार करा आणि वाटल्यास अहवाल हातात देण्याची विनंती करा. ओळखीच्या कोणाला सोबत नेलेच तर तपासणीच्या खोलीबाहेर थांबायला सांगा. कंडोम आणि जेली त्याच फेरीत काही महिन्यांची घेऊन या, मुदतीची तारीख पाहा आणि ती ऊन लागेल अशा जागी किंवा पाकिटात चुरगळून ठेवू नका. गावाला काय सांगायचे? रक्तदाब तपासायला गेले होते, एवढे पुरे. आणि रक्तदाब खरोखरच तपासून घ्या, म्हणजे खोटेही ठरणार नाही.

शहरात गेल्यावर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ अशा जाहिराती करणाऱ्यांच्या दारात पाऊल ठेवू नका. त्यांचे गिऱ्हाइक लाजेनेच त्यांच्याकडे जाते आणि लाजेनेच तक्रार करत नाही. तपासणीशिवाय दिलेल्या प्रतिजैविकाने रोग अर्धवट दबतो आणि पुढे औषधाला दाद देईनासा होतो.

त्याच भेटीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणीही मागून घ्या. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, त्यावरून ती कधी झालेली नसावी असे मी धरते. हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण पंधरा ते वीस वर्षे जातात, म्हणजे आज सापडणारा विषाणू तुमच्या वैवाहिक आयुष्यातलाही असू शकतो. तो सापडला म्हणून आताच्या जोडीदारावर संशय घेण्याचे कारण नाही आणि स्वतःला दोष देण्याचेही नाही. जागतिक आरोग्य संघटना वयाच्या तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणीची शिफारस करते. या चाचणीचा नमुना स्त्रीला स्वतःच्या हातानेही घेता येतो, त्यामुळे तपासणीच्या टेबलाचा संकोच वाटत असेल तर तशी सोय आहे का, हे जरूर विचारा. संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी वर्षभर थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर मात्र कोणत्याही चाचणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जा.

वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या तुम्हा दोघांपैकी एकाला अचानक काही झाले तर दुसऱ्याला कोण कळवणार, याचीही तजवीज करून ठेवा. दोघांच्याही विश्वासातल्या एका व्यक्तीला हे नाते माहीत असावे. तुमच्या बाबतीत ती व्यक्ती मुलगी असेल का, आणि असलीच तर केव्हा, हे तुम्ही ठरवा. त्यासाठी घाई करू नका.

डॉक्टरांसमोर बसल्यावर तोंडातून शब्द फुटला नाही, तर पुढचा मजकूर एका कागदावर आधीच उतरवून न्या आणि तो नुसता त्यांच्या हातात द्या:

“माझे वय ४९. मला जोडीदार आहे, आमचे लग्न झालेले नाही. मी सांगेन ते या खोलीबाहेर जाऊ नये. चार महिने पाळी आलेली नाही. लघवीची चाचणी केली आहे, तिचा निकाल सांगते. संबंधाच्या वेळी जळजळ होते. आजवर कंडोम वापरलेला नाही. जोडीदाराचे पूर्वी स्त्रियांशी आणि पुरुषाशी संबंध होते. मला एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस, क्लॅमिडिया, गोनोरिया आणि एचपीव्ही या तपासण्या करायच्या आहेत, कोरडेपणावर औषध हवे आहे आणि गर्भनिरोधासाठी माझ्या वयाला काय योग्य ते विचारायचे आहे. जोडीदारालाही तपासणीसाठी कधी घेऊन येऊ?”